रुंद पडद्यावर जाण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



येत्या संक्रांतीनंतर आपल्या मंडळाची चित्रफीत तयार करावयाची, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला आहे. तिची व्यवस्था पाहण्याचे काम माझ्याकडे सोपविले आहे. गेले चार महिने चित्रणाचे काम करणाऱ्या मंडळींकडे जाऊन बसावे, त्यांना विचारावे, घरी येऊन मोबाइलवर करून पाहावे, असा माझा क्रम चालला आहे. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवते. यंत्र चालविणारा मुलगा पैसे देऊन मिळेल. परंतु त्याच्या आधीची तयारी पैशाने होणारी नाही, ती आपणच करावयाची आहे.

चित्रफीत कशासाठी, असा प्रश्न काही भगिनींनी केला. त्याचे उत्तर आपल्या पाहुण्यांकडेच आहे. कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते, वाईवरून येते, माहुलीला वेण्णेला भेटते, पुढे कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि मग सांगलीला जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने सांगलीत जे रूप दाखविले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. पाहुण्या भगिनींनी ते अंगावर झेलले. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्यांच्या मंडळाचे कपाट तळमजल्यावर होते. त्यात वर्षानुवर्षांचे फोटो होते, हळदीकुंकवाच्या आणि सहलींच्या व्हिडिओ कॅसेट होत्या. पाणी ओसरल्यावर त्यांनी सारे बाहेर काढले. त्यांतील एक काकू मला म्हणाल्या, "भांडी धुऊन वापरात आली गं, फोटो मात्र धुऊन आले नाहीत." ज्या आजींनी ते मंडळ सुरू केले त्यांचा चेहरा दाखवायला आज त्यांच्याजवळ काही उरले नाही. म्हणून या वेळी दोन्ही मंडळांनी मिळून चित्रफीत करावयाची, आणि तिची एक प्रत साताऱ्याला व एक सांगलीला ठेवावयाची, असे ठरले आहे.

आता ही चित्रफीत 'एचडी' आणि 'वाइड स्क्रीन' अशी होणार आहे. या दोन शब्दांना बिचकण्याचे कारण नाही. पडद्यावरचे चित्र हे रांगोळीसारखे ठिपक्यांचे असते. जुन्या दूरदर्शनच्या काळच्या चित्रात, आजच्या हिशेबाने मोजले तर, एका ओळीत ७२० ठिपके आणि अशा ५७६ ओळी, म्हणजे सुमारे चार लाख ठिपके होत. एचडी चित्रात एका ओळीत १९२० ठिपके आणि ओळी १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर ठिपके बसतात. पाचपट झाले! पाच ठिपक्यांच्या रांगोळीत आणि पंचवीस ठिपक्यांच्या रांगोळीत जो फरक, तोच इथे. याहूनही चौपट ठिपक्यांचे कॅमेरे निघाले आहेत. पण आपल्या कामाला एचडी पुरेसे आहे.

दुसरा शब्द रुंदीचा. पूर्वीचा टीव्ही चार भाग रुंद तर तीन भाग उंच असे. म्हणजे जवळजवळ चौकोनी पाटच. जुना सिनेमाही तसाच होता. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला तो अशाच चौकटीत. त्याची कथा गदिमांची. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची उघडी वसाहत काढली, त्या प्रयोगावरून ती सुचलेली. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा तो सिनेमा आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा म्हणायला हरकत नाही. पुढे १९५९ मध्ये गुरुदत्त यांचा 'कागज़ के फूल' आला आणि आपल्या देशात रुंद पडद्याचा सिनेमा सुरू झाला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले ते मात्र त्या चौकोनी पाटावरच, आणि घरोघर पुष्कळ वर्षे तोच पाट राहिला. आता भिंतीवरचा टीव्ही सोळा भाग रुंद नि नऊ भाग उंच असतो. पाटाऐवजी पंगतीची लांब पट्टीच म्हणा ना!

या पट्टीने काय केले ते सांगते. चौकोनी चौकटीत मधले तेवढे दिसे. लग्नाची जुनी कॅसेट लावली तर नवरानवरी दिसतात, भटजी दिसतात, आहेर घेऊन पुढे आलेली मंडळी दिसतात. अक्षता वाटणारी, पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली, दाराशी तान्हे मूल घेऊन टेकलेली बाई चौकटीच्या बाहेर राही. रुंद चौकटीत कडांना जागा आहे. त्या कडांवर आजवर कोण उभे राहात आले? आपणच! तेव्हा या चित्रफितीत कडेच्या बाईला स्थान मिळावे, आणि तिथे ती नीटनेटकी, तिच्या मनाजोगती दिसावी, एवढ्यासाठी ही तयारी आहे.

पहिली तयारी जागेची. एचडी कॅमेऱ्याचा डोळा सासूबाईंच्या डोळ्यापेक्षाही कडक! उखडलेला पोपडा, स्विचच्या भोवतीचे तेलकट डाग, खुंटीवर लोंबणारे टॉवेल, मागच्या वर्षीचे कॅलेंडर, टेबलाखाली सारलेली प्लास्टिकची बादली, काही म्हणून सुटत नाही. आणि चौकट रुंद, म्हणून मधली भिंत आवरून भागत नाही. डावी-उजवीकडची दोन दोन हातही आवरावी लागते. वाईच्या परिसरात सिनेमाचे चित्रण नेहमी चालते. 'स्वदेस' २००४ मध्ये आला, त्यात मेणवलीचा घाट आपण पाहिला. अशा मंडळींचे निम्मे काम कॅमेरा सुरू होण्याच्या आधी उरकलेले असते. मात्र आवरणे म्हणजे घर पुसून कोरे करणे नव्हे. जाते, सूप, मिसळणाचा डबा, देवळीतली समई, ही आपली खूण आहे. ती राहू द्यावी. सोयीसाठी आणलेला पसारा तेवढा दूर करावा.

जागा आवरताना आणखी एक पाहावयाचे. इतक्या स्पष्ट चित्रात भिंतीला टोचलेल्या कागदावरची अक्षरे वाचता येतात. बचत गटाचे पासबुक, आधार कार्डाची झेरॉक्स, विजेचे बिल, दूरध्वनी क्रमांकांची यादी, फळीवरच्या औषधांच्या पट्ट्या, हे सारे चित्रणाच्या दिवशी कपाटात जावे. आपली चित्रफीत पुढे कोणाकोणाच्या मोबाइलवर जाईल ते आपल्या हातात नाही.

दुसरी तयारी उजेडाची. खिडकीकडे पाठ करून बसले की तोंड काळे दिसते. खिडकी समोर किंवा बाजूला असावी. अंगणातले भर दुपारचे ऊन डोळ्यांखाली सावल्या पाडते. त्यापेक्षा ओसरी चांगली, आणि वेळ सकाळी नऊची किंवा दुपारी चारनंतरची. एकाच खोलीत एकीकडून दिवसाचा उजेड आणि दुसरीकडून पिवळा दिवा असला तर चेहऱ्याची एक बाजू निळसर व दुसरी केशरी होते. म्हणून दोहोंपैकी एकच ठेवावा. स्वस्तातले काही दिवे डोळ्यांना स्थिर वाटतात, पण कॅमेऱ्यात लुकलुकतात. आपल्या विजेचे एका सेकंदात ५० फेरे होतात. कॅमेऱ्याची गती त्याला जुळवून घेतली नाही तर पडद्यावर काळे पट्टे धावतात. चित्रणाच्या आदल्या दिवशी तोच दिवा लावून दोन मिनिटे चित्रण करून पाहिले की हे कळते.

रंगाचेही तसेच. सांगलीकर भगिनी हळदीच्या बाजारावर एक भाग करणार आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपणांस ठाऊकच आहे. ती हळद पडद्यावर विटकरी दिसली तर सांगलीकरांनी तोंड कुठे लपवावे? त्यासाठी युक्ती सोपी आहे. चित्रण सुरू करण्याआधी कॅमेऱ्यापुढे पांढरा स्वच्छ कागद धरावयाचा आणि 'हे पांढरे' असे कॅमेऱ्याला ठरवून द्यावयाचे. पांढरे पांढरे ठरले की हळद हळद राहते आणि कुंकू कुंकू.

तिसरी तयारी आपल्या स्वतःच्या नेसण्याची. बारीक चौकडीचे, अगदी बारीक रेघांचे लुगडे पडद्यावर थरथरल्यासारखे दिसते, कारण रेघा आणि ठिपके एकमेकांत अडकतात. ठसठशीत काठाचे इरकल मात्र सुरेख दिसते. शुभ्र पांढरे उन्हात चमकून त्याच्या निऱ्या नाहीशा होतात, गर्द काळ्याच्या घड्या दिसत नाहीत. मोतिया, मोरपंखी, डाळिंबी असे मधले रंग बरे. तोंडाला पावडर चोपडू नये. एचडीमध्ये तिचे थर मोजता येतात. घामाने तोंड चकाकत असेल तर रुमालाने टिपून घ्यावे, तेवढे पुरे. आणि सुरकुत्यांची लाज कोणीही धरू नये. सुरकुत्या असाव्यात म्हणून तर आपण आजींना बोलावतो!

चौथी तयारी आवाजाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. चित्र पाचपट स्पष्ट झाले म्हणून आवाज आपोआप स्पष्ट होत नाही. कॅमेरा दहा हातांवर असला तर त्याला आजींच्या शब्दाआधी पंख्याची घरघर ऐकू येते. म्हणून ध्वनिग्राहक, ज्याला आपण माईक म्हणतो, तो तोंडाजवळ हवा. पदराला लावला तर मंगळसूत्र त्याच्यावर आपटते, बांगड्या किणकिणतात, पदर घासला की पडद्यावर वादळ सुटते. त्याची जागा आधी पाहून ठेवावी. पंखा, मिक्सर, कुकर बंद. शेजारच्या वहिनींना आधी सांगून ठेवावे. फ्रिजही गुणगुणतो, तो तेवढा वेळ बंद करावा. आणि तो परत सुरू करण्याची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून द्यावी! किल्लीवाचून घरी जाता येत नाही आणि दूध नासत नाही.

आपल्या चित्रफितीचा गाभा आहे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. २०१७ पासून त्या लोकांपुढे येऊ लागल्या असून काही ठिकाणी बायांचे गाणे चित्रितही झाले आहे. तरी आपल्या आळीतल्या आजींची ओवी आपणच टिपली पाहिजे. कोणत्या गावची सून, कोणत्या देवाची भक्त, कोणत्या भावाची बहीण, हे सारे तिच्या ओवीत गुंफलेले असते. यात एक अडचण येते. जाते फिरू लागले की त्याच्या घरघरीत शब्द बुडतात. आणि जात्यावाचून गा म्हटले तर पुष्कळ आजींना ओवी आठवत नाही, हात फिरला की तोंड चालते. म्हणून दोनदा करावयाचे. आधी जाते फिरवीत गाऊ द्यावे. मग त्याच बैठकीत हात खुंट्यावर तसाच ठेवून, पण दगड न फिरवता, त्याच ओव्या पुन्हा म्हणवून घ्याव्यात. म्हणजे चित्रही मिळते आणि शब्दही. एक भगिनी शेजारी वही घेऊन बसेल आणि शब्द लिहून घेईल. ओवी पहाटेची असते हे खरे, परंतु पहाटे उजेड नसतो. तेव्हा आजींना पहाटेचे दळण एकदा चार वाजता दळायची विनंती करावी लागेल.

पाचवी तयारी चौकट भरण्याची. आपल्यापैकी काहीजणी स्वतःच्या मोबाइलवर चित्रण करणार आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. मोबाइल आडवा धरावा. उभा धरला तर भिंतीवरच्या टीव्हीत मध्ये उभी फट आणि दोन्ही अंगांना काळोख दिसतो. काचेवर पिठाचा हात लागलेला असतो, तो मऊ कापडाने पुसावा. हातात धरून थरथर होते, म्हणून तिवई घ्यावी. नसली तर धान्याच्या डब्यावर टेकवावा. तो फिरवावयाचा तर देवापुढे निरांजन ओवाळतो तसा सावकाश, आणि थोडाच. त्यापेक्षा तो स्थिर ठेवून माणसांना हलू दिलेले अधिक बरे.

एकटी बाई रुंद चौकटीच्या मधोमध बसविली तर दोन्ही बाजू ओस पडतात. तिला थोडे एका अंगाला बसवावे आणि ती ज्या बाजूला पाहात असेल तिकडे जागा सोडावी. त्या जागेत तिचे काम येऊ द्यावे. मिरजेच्या तंबोऱ्याचे पाहा. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळाले. तंबोरा उभा धरलेला असला की जुन्या चौकोनी चौकटीत चांगला मावे. रुंद चौकटीत तो मावावा इतके मागे गेलो तर गाणारी मुलगी लहान होते. मग तंबोरा आडवा मांडीवर घेऊन तारा जुळविताना टिपावा, म्हणजे भोपळ्यापासून खुंट्यांपर्यंत सारे येते. समूहाचे म्हणाल तर सगळ्यांना एका लांब ओळीत उभे केले की तोंडे मोहरीएवढी होतात. अर्धगोल करून दोन रांगांत, खांद्याला खांदा लावून बसावे. कृष्णा-वेण्णेचा संगम, कासचे पठार, आयर्विन पूल, यांच्यासाठी मात्र ही चौकट जणू मापून केली आहे. तिथे एक एक दृश्य निवांत घ्यावे.

आता जुन्या कॅसेटांविषयी. आपल्याकडे ज्या आहेत त्या लवकर उतरवून घेतल्या पाहिजेत. कॅसेट लावावयाची यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने ती बनविणे जुलै २०१६ मध्ये थांबविले. फीत दमट हवेत बुरसते, आणि साताऱ्याचा पाऊस आपण जाणतो. उतरविताना एक दक्षता घ्यावी. ते चौकोनी चित्र रुंद पडदा भरावा म्हणून ताणू नये. तसे केले की माणसे तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतात. एका घरच्या लग्नाच्या फितीत मी सडपातळ वधूची चांगली भरदार बाई झालेली पाहिली. तिच्या आईला ओळख पटेना. वरून-खालून कापले तर चित्राचा चौथा हिस्सा जातो, कोणाचा अंबाडा तर कोणाची पावले. कडेला काळे पट्टे राहिले तर राहू द्यावेत. जुने चित्र जसे होते तसे ठेवण्यात कमीपणा नाही.

साठवण ही शेवटची तयारी. एचडी चित्रणाला जागा फार लागते. मोबाइलवर तासाभराला सात-आठ जीबी सहज जातात. आधीच मोबाइल रिकामा करावा, पुरता चार्ज करावा आणि मध्येच कोणाचा फोन येणार नाही अशी तजवीज करावी. संध्याकाळी घरी जाण्याआधी सारे दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि ते उघडते की नाही ते पाहावे. मगच मोबाइलमधले पुसावे. प्रती तीन. एक इथे मंडळात, वरच्या मजल्यावर. एक सांगलीला, तीही वरच्या मजल्यावर. तिसरी इंटरनेटवरच्या साठवणीत, जिचा परवलीचा शब्द दोन्ही मंडळांच्या चिटणिसांकडे लिहून असेल. वरच्या गावावर संकट आले तर खालच्या गावात राहील, खाली आले तर वर राहील. प्रत्येक चित्रणाबरोबर कागदावर तारीख, ठिकाण आणि त्यातील बायांची पुरती नावे लिहावीत. नाव नसलेला चेहरा पन्नास वर्षांनी परकाच होतो.

आणि सर्वांच्या आधी परवानगी. चौकट रुंद असल्याने कडेला सहज येऊन उभी राहिलेली बाईही ओळखू येते. कोणाच्या घरी रागरुसवा असेल, कोणी माहेरी न सांगता आलेली असेल, कोणाला आपले हातावर पोट आहे हे जगाला दाखवायचे नसेल. प्रत्येकीला विचारावे, चित्र दाखवावे, आणि 'माझा हा भाग नको' असे ती म्हणाली तर कारण न विचारता तो काढून टाकावा. कडेवरच्या बाईला चौकटीत आणणे जितके आपल्या हाती आहे, तितकेच तिला नको असता बाहेर ठेवणेही आहे. यात कोणाचा आग्रह चालू नये, अध्यक्षीणबाईंचाही नाही, अशी माझी सूचना आहे. त्यांनी ती हसून मान्य केली आहे.

भगिनींनो, आपल्यातील दोन आजी आता नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्या ओव्या अन्यत्र कोठेही लिहिलेल्या नाहीत. संक्रांतीनंतर हा शब्द मी म्हणते खरी, पण त्या दोघींचे चित्रण येत्या आठवड्यातच उरकावे अशी विनंती आहे. त्यासाठी मोठा कॅमेरा येण्याची वाट पाहू नये. आडवा धरलेला मोबाइल, खिडकीचा उजेड, बंद पंखा आणि जवळचा माईक एवढ्यावर काम होते. ज्या भगिनींना यायला जमेल त्यांनी चहाच्या वेळी आपली नावे माझ्याकडे द्यावीत. वही लिहिणारी एक, आजींना हाताला धरून आणणारी एक आणि जाते ज्यांच्याकडे अजून खुंट्यासह शाबूत आहे अशी एक, एवढ्या तर आजच हव्यात.